पिठावरचे ऐंशी ठिपके

१

केळीच्या बागेत उभा राहिलो की घडाला हात न लावता मी सांगतो, याला नऊ फण्या आहेत, त्याला अकरा. दापोऱ्याच्या शेतांत कटाई असली की मुकादम मलाच मोजायला उभा करतो. सातवीत शाळा सोडली, पण मोजण्यात मी चुकत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं माझ्या मोजण्यावर आहे, आणि गल्लीत बोलतात की भाऊ गेल्यापासून लोटूच्या डोक्यावर परिणाम झाला.

परिणाम झाला आहे. पण मोजणं बरोबर आहे.

निरंजनदादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत गणित शिकवायचा. मोठी संख्या दिसली की तिचं कूळ काढल्याशिवाय त्याला अन्न जात नसे. गॅसच्या टाकीवरची संख्या, ट्रकच्या पाठीवरची, लग्नपत्रिकेतली. एका लग्नात त्यानं भर पंगतीत सांगितलं की नवऱ्याच्या बापाचा मोबाइल नंबर मूळ संख्या आहे, एक आणि स्वतः सोडून कोणालाही भाग देऊ देत नाही. मुलीकडचे लोक काळजीत पडले. जिलेबी येईपर्यंत कुजबुज चालली होती.

त्या दिवशी सकाळी चहाला बसलो होतो. आई त्याला बोलत होती की चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून एकदा माणसाचा जन्म मिळतो आणि तू तो आकडेमोडीत घालवतो. दादानं लगेच पेपर ओढला आणि कडेला लिहिलं, ८४ वर पाच शून्यं.

“लोटू, बघ. एक ते दहापर्यंत सगळ्यांनी भाग जातो, फक्त नवानं नाही. एकूण विभाजक एकशे ब्याण्णव. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज केली तर हिच्या दुपटीहून जास्त येते, म्हणून ही विपुल. आठ नि चार बारा, बारानं पुरता भाग जातो, म्हणून हर्षद. हर्षद म्हणजे आनंद देणारी.” मग पेन थांबवून म्हणाला, “पण ही स्वतः आनंदी नाही. उदास संख्या आहे. का, ते सांगू?”

मला उशीर होत होता. मी म्हणालो, तुझ्या आकड्यांना दुसरं गिऱ्हाईक बघ, मला गाडी भरायची आहे. तो हसला. संध्याकाळी सांगतो म्हणाला.

शाळेतून येऊन दुपारी पुढच्या खोलीत खिडकीखाली आडवा झाला. चार वाजता वहिनी चहा घेऊन गेली, तर उठला नाही.

२

आमच्याकडे माणूस गेला की त्याच दिवशी, जिथं त्यानं जीव सोडला तिथं जमिनीवर पीठ पसरतात. हातानं सारखं करतात, शेजारी दिवा ठेवतात, वर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून बघायचं. पिठावर जे पाऊल उमटलं असेल, त्या योनीत तो गेला. चिमणीचं उमटतं, गाईचं उमटतं, कधी मुंग्यांची रांग. आमची मालूआत्या निंबोल्याहून खास यासाठी येते. चाळीस वर्षांत तिनं वाचलेलं पीठ कोणी खोटं पाडलेलं नाही. खोटं पाडणार कोण, तो भाग वेगळा.

दादाला नेल्यापासून आईनं घास घेतला नव्हता. नुसता चहा. तिचं एकच म्हणणं.

“कुठं गेला ते सांगा. मग जेवते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं टोपलं उचललं. पिठावर ठिपके होते. पाऊल नाही, नख नाही, नुसते गोल ठिपके, बोटाचं टोक टेकवल्यासारखे. ओळीत. आठ ओळी, एकेका ओळीत दहा. शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी करावी तशी.

आत्या बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिली.

“चिमणी व्हय,” ती म्हणाली.

मी म्हणालो, आत्या, एवढ्या शिस्तीची चिमणी कुठं असते.

“मास्तर होता ना तो.”

आईनं अंगणात तांदळाच्या कण्या टाकल्या. पण जेवली नाही, कारण आत्यानंच नंतर मान्य केलं की चोच दिसत नाही, संध्याकाळी पीठ सारखं करून उद्या परत बघू. मी उगाच मोजले होते. ऐंशी. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेखाली लिहून ठेवले. का लिहिले ते मला माहीत नाही. घडाच्या फण्या लिहायची सवय.

३

तिसऱ्या दिवशी चौसष्ट. आत्या म्हणाली, मुंग्या. आईनं चारी कोपऱ्यांत साखर टाकली. संध्याकाळपर्यंत खऱ्याच मुंग्या आल्या आणि वहिनीच्या अंथरुणात शिरल्या. झटकायची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी बावन्न. आत्याच्या मते डास. घरातली मच्छरची कॉइल आईनं उचलून नाल्यात टाकली. मी आणि रंजितावहिनी रात्रभर दोन्ही हातांनी खाजवत बसलो, टाळी वाजवायची चोरी. सकाळी डोळे सुजलेली वहिनी म्हणाली, “तुमचे दादा होते तेव्हाही पेपर तपासत दिवा जाळायचे, झोपू द्यायचे नाहीत.” आणि हसली. मग हसणं मध्येच थांबवून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ आला.

पाचव्या दिवशी एकोणतीस. आत्या चिडली. दादावर.

“मले खोटं पाडू राहिला हा. जित्ता होता तवा बी माझं कधी ऐकलं नाई.”

त्या दिवशी ती बेडूक म्हणाली. चार दिवसांत माझा भाऊ चिमणी, मुंगी, डास आणि बेडूक होऊन गेला होता, आणि आई चहावर होती. चालताना भिंत धरायला लागली होती. मला आत्याची मान धरावीशी वाटली. मी टोपलंच उचलून अंगणात फेकलं. मग आईकडे बघून परत आणून ठेवलं.

४

मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. म्हणून शोध लावायला बसलो.

उंदीर असता तर लेंड्या असत्या. पाल असती तर शेपटीची रेघ असती. छतातून माती पडते म्हणावं, तर टोपल्यातून कशी पडेल. मग राहिली माणसं. मी सगळ्यांची बोटं बघितली. आत्याच्या बोटांना पीठ होतं, पण तिनं तेव्हा नुकतीच कणीक मळली होती. वहिनीला आडून विचारलं. ती म्हणाली, “भाऊजी, इतके ठिपके काढायला मला फुरसत कुठं आहे?” ते खरं होतं.

मग राहिलो मी. दुःखात माणूस झोपेत उठतो, काहीही करतो, असं मुकादमानं सांगितलं होतं. मी टोपल्यावर वरवंटा ठेवला आणि माझा पाय गमछ्यानं खाटेच्या पायाला बांधून झोपलो. सकाळी ते विसरून घाईनं उठलो आणि तोंडावर पडलो. दात हलला. म्हणजे गाठ सुटली नव्हती. वरवंटाही जागेवर होता.

टोपल्याखाली पंच्याऐंशी ठिपके होते.

एक गोष्ट तेव्हा मला खटकली. ठिपके पहिल्या दिवसापासून कमी होत आले होते. ऐंशी, चौसष्ट, बावन्न, एकोणतीस. माझ्या मनात कुठंतरी होतं की दादा हळूहळू निघतो आहे, एके दिवशी पीठ कोरं असेल आणि संपेल. पंच्याऐंशी म्हणजे तो जाता जाता मागं वळला.

५

सातव्या दिवशी दादाच्या शाळेतले यादव सर भेटायला आले. दादाचा डबा आणि छत्री शाळेत राहिली होती, ती घेऊन आले. खिडकीखाली पीठ होतं तिकडं पाठ करून खुर्चीवर बसले. चांगला होता, हसतमुख होता, सगळं बोलून झालं. मग त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. त्या दिवशीचा आकडा मी नुकताच लिहिला होता. एकोणनव्वद.

“ये निरंजन का है?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, माझं आहे.

सर हसले, कौतुकानं. म्हणाले, म्हणजे दादानं तुला शिकवलं तर. मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी पेन काढून दाखवलं. आठचा वर्ग चौसष्ट, शून्याचा शून्य, बेरीज चौसष्ट. सहाचा छत्तीस, चारचा सोळा, बेरीज बावन्न. पाचाचा पंचवीस, दोनाचा चार, एकोणतीस. एकेका आकड्याचा वर्ग करायचा, बेरीज करायची, जे येईल त्याचं परत तसंच. असं करत करत एक आला, तर ती संख्या आनंदी.

“आणि नाही आला तर?”

“तर उदास. एकोणनव्वदनंतर एकशे पंचेचाळीस येतो. मग बेचाळीस, वीस, चार, सोळा, सदतीस, अठ्ठावन्न आणि परत एकोणनव्वद. बस, गोल गोल. एकदा त्या फेऱ्यात पडली की सुटका नाही. वो घूमती रहती है.”

मी विचारलं, पहिला आकडा ऐंशी असेल तर त्याच्या आधी काय असेल. सर म्हणाले, पुष्कळ काही असू शकतं. एक आठ, एक चार आणि बाकी शून्यं असलेली कोणतीही. चौऱ्याऐंशी, आठशे चार...

“त्यावर पाच शून्यं दिली तर?”

“तरी तेच. शून्याचं काय येणार.”

संध्याकाळी सांगतो म्हणाला होता. सहा संध्याकाळी उलटून गेल्या होत्या, आणि तो सांगतच होता.

मी सरांना खुर्चीसकट वळवलं आणि पीठ दाखवलं. त्यांनी मोजले. ते चुकले, अठ्ठ्याऐंशी आले, मी दुरुस्त केलं. मग ते म्हणाले, “लोटू, ऐसा मजाक मत कर. तुझ्या आईच्या घरात.” चहा आला होता, तो तसाच ठेवून गेले. छत्रीसुद्धा परत घेऊन गेले. वहिनीनं दुसऱ्या दिवशी मागवली.

आठव्या दिवशी मी टोपल्याला हात लावायला तयार नव्हतो. आत्यानं उचललं. मला मोजायला पाऊण तास लागला. दोनदा मोजले, मग वहिनीकडून मोजून घेतले.

एकशे पंचेचाळीस. पीठ पुरलं नव्हतं. शेवटच्या पाच ठिपक्यांसाठी पिठाची कड आपोआप पुढं सरकलेली होती.

६

नवव्या दिवशी बेचाळीस. आईला उठवून बसवावं लागलं. ती आता विचारतही नव्हती, नुसती टोपल्याकडे बघायची. मी तिला सांगू शकत होतो. तो कुठंच गेला नाही, आई. तो फिरतोय. वीस, चार, सोळा, आणि परत. पण हे ऐकून कोणती आई जेवेल?

दहाव्या दिवशी सकाळी वीस होते. टोपलं झाकून आम्ही तापीवर दहाव्याला गेलो. घाटावर न्हाव्यानं माझं डोकं पुढं वाकवलं आणि वस्तरा लावला, तेव्हा समोर ओली पायरी होती. मी बोटानं तिच्यावर वीस लिहिलं.

दादा जिवंत असताना त्यानं मला वर्ग शिकवायला किती आटापिटा केला होता. एकदा चॉकलेट दिलं, एकदा कानाखाली दिली. दोन्ही वाया गेलं. आणि आता मी तापीच्या पायरीवर बोट भिजवून करत होतो. वीसमध्ये एक घातला तर एकवीस. चार नि एक पाच. पाचाचा पंचवीस. चार नि पंचवीस एकोणतीस. परत त्याच रस्त्याला. वाळलं. परत बोट भिजवलं. दोन घातले तर बावीस. चार नि चार आठ, आठाचा चौसष्ट. तोही जुना रस्ता.

न्हावी म्हणाला, मान हलवू नको, कापेल. मी म्हणालो कापू दे.

तीन घातले. तेवीस. चार नि नऊ तेरा. एक नि नऊ दहा. दहाचा एक.

मी उठलो. अर्धं डोकं झालं होतं. न्हावी वस्तरा घेऊन मागं धावला आणि चार माणसांनी मला धरून परत बसवलं. त्यांना वाटलं मी नदीत उडी टाकतो आहे. तिकडं कावळ्यानं पिंडाला लगेच चोच लावली, सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मी मात्र गाडी कधी निघते हेच बघत होतो.

घरी आल्यावर सगळे अंगणात पाय धूत होते. मी टोपलं उचललं, खाली बसलो आणि विसांच्या शेजारी तीन बोटं टेकवली. माझे ठिपके वेडेवाकडे आले, मोठे, त्याच्यासारखे नीट नाहीत.

“दादा,” मी म्हणालो, “तेवीस धर.”

मागं आत्या उभी होती. काय केलंस म्हणून विचारलं. मी म्हणालो, डास मारला. तिनं कपाळाला हात लावला. डासाचा दिवस चौथा होता, तरी म्हणाली, आता पाप कोणाच्या माथी.

७

अकराव्या दिवशी तेरा ठिपके होते. मी रडलो. आत्यानं सगळ्यांना सांगितलं की लोटूला आज कुठं भावाचं कळलं.

बाराव्या दिवशी दहा.

तेराव्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. फोपनारपर्यंतचे नातेवाईक आले होते, मोठ्या कढईत वरण रटरटत होतं. आत्यानं टोपलं उचललं आणि सगळे वाकले. सपाट पिठाच्या मधोमध एक ठिपका. एकच.

आत्याकडे यासाठी प्राणी नव्हता. तेव्हा मीच बोललो. आई, तो मोकळा झाला. मोजून सांगतो.

आईनं माझ्याकडे बघितलं. माझ्या मोजण्यावर तिचा पहिल्यापासून विश्वास. तिनं हात धुतले आणि पाटावर बसली. वरणभात कालवला, पहिला घास तोंडात घेतला आणि म्हणाली, “मीठ कमी आहे.” वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागली, मीही हसलो, आणि मग आम्ही तिघं हसत होतो की काय करत होतो ते बाकीच्यांना कळेना. संध्याकाळी आत्या टोपलं घेऊन निंबोल्याला गेली. जाताना सांगून गेली की मोकळा झाल्याचं तिला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं.

८

चौदाव्या दिवशी वहिनीनं पोळ्यांसाठी गव्हाच्या पिठाचा डबा उघडला आणि मला हळू आवाजात बोलावलं.

डब्यातलं पीठ सपाट होतं. मध्ये एक ठिपका.

तिनं वाटीनं पीठ काढलं, डबा हलवला, झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी परत सपाट, परत एक. डबा बदलला. नवं दळण आणलं. एक. ज्वारीच्या पिठात बघितलं, तिथं काही नाही. दादाला भाकरी आवडत नसे.

मी पुढचा आकडा काढायला बसलो. एकाचा वर्ग एक. परत केला. एक. यादव सरांना फोन लावून विचारलं, एकच्या पुढं काय येतं. त्यांनी माझा आवाज ओळखला. मग म्हणाले, पुढं काही नाही, एकच येत राहतो. किती दिवस, मी विचारलं. फोन बंद झाला.

तेव्हा मला कळलं मी काय केलं. चौऱ्याऐंशी लक्षांच्या फेऱ्यातून मी त्याला ओढून काढलं होतं, आणि जायला जागा ठेवली नव्हती. फेऱ्यात होता तर निदान कुठंतरी जन्मला असता. चिमणी झाला असता.

उपाय होता. एकात तीन घातले की चार. चार म्हणजे सोळा, सदतीस, आणि तो परत फिरायला लागेल. हे मी आईला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. ती आता दोन वेळ जेवत होती, पोळी लाटताना डब्याकडे तोंड करून काहीबाही बोलायची. म्हणाली, “तुले जे बरोबर वाटते ते कर.” आणि अंगणात जाऊन बसली, पाठ फिरवून.

सकाळचे नऊ वाजले असतील. खिडकीतून ऊन ओट्यावर पडलं होतं. मी हात धुतले, पुसून कोरडे केले, डबा उघडला. तीन बोटं जुळवली आणि त्याच्या ठिपक्याशेजारी टेकवली. या वेळी नीट आले, सरळ ओळीत. चार झाले.

मी बघत राहिलो. माझा पहिला ठिपका तळातून वर आला, हळू, आणि पिठाबरोबर सारखा झाला. मग दुसरा. तिसऱ्याला थोडा वेळ लागला. चुकलेलं उत्तर पुसताना दादा असाच शेवटच्या आकड्यावर रेंगाळायचा, मला स्वतःहून कळतंय का ते बघायला.

त्याचा ठिपका तसाच राहिला.

मी झाकण लावलं, पण दाबून बसवलं नाही.